पेशी पसरते ती कुणाच्या जिवावर?

आमच्या घरात राजकारणावर भांडणं होत नाहीत. होतात ती ॲक्टिनवर. माझ्या मेहुणीबाईंनी ऐंशीच्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपपुढे बसून पीएच.डी. केली, मग कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहेत. माझी लेक पेशीच्या आतल्या मेंब्रेनच्या वाहतुकीवर पीएच.डी. करते आहे. मी विज्ञानावर लिहून पोट भरतो, त्यामुळे दोघींच्या तावडीत आयताच सापडतो.

वाद साधा आहे. काचेवर सोडलेली पेशी चिकटते आणि पसरते, ते नेमकं कोण घडवून आणतं? मेहुणीबाईंचं, म्हणजे लेकीच्या मावशीचं म्हणणं, पेशीचा सांगाडा, मुख्यतः ॲक्टिनचे तंतू. बाकी सगळे हमाल. लेकीचं म्हणणं, हमालांशिवाय सांगाड्याचं पान हलत नाही. पुढचं बोलणं बरंचसं जसंच्या तसं दिलं आहे. जिथे राहवलं नाही तिथे मी मध्ये तोंड घातलं आहे.

मावशी : आधी डोळ्यांना काय दिसतं ते सांग. नावं नंतर.

लेक : फ्लास्कच्या तळाला फायब्रोब्लास्ट पसरून बसलेले असतात. लांबट, चपटे, टोकं ताणलेली. वरचं मीडियम ओढून काढते, बफरने धुते, थोडं ट्रिप्सिन घालते आणि फ्लास्क ३७ अंशांना ठेवते. दोन-तीन मिनिटांत कडा आत ओढल्या जातात. फ्लास्कला बाजूने दोन टिचक्या मारल्या की पेशी सुटून तरंगायला लागतात, गोल, कडेने चकाकणाऱ्या. मग सीरम घातलेल्या मीडियमने ट्रिप्सिन थांबवायचं, पेशी धुवायच्या आणि फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचा लेप दिलेल्या काचेवर सोडायच्या. त्या खाली बसतात, काही मिनिटं नुसत्या टेकून राहतात, आणि मग चहूबाजूंनी कड पुढे सरकायला लागते. तासाभरात पुन्हा चपट्या.

मावशी : त्या सरकणाऱ्या कडेत काय असतं? ॲक्टिनची जाळी. तंतूच्या टोकाला एकेक रेणू जोडला जातो आणि कड पुढे ढकलली जाते. मागून मायोसिन ओढतं. खाली इंटिग्रिन नावाचे रेणू फायब्रोनेक्टिनला धरून असतात, आतून टॅलिन आणि व्हिन्क्युलिन त्यांना तंतूंशी जोडतात. ढकलायला टेकू मिळतो तो असा. सायटोकॅलेसिन घालून ॲक्टिन थांबव आणि बघ पसरते का.

लेक : नाही पसरत.

मावशी : मग झालं की.

लेक : ॲक्टिनशिवाय चालत नाही, एवढंच झालं. ॲक्टिन पुरेसं आहे हे कुठे ठरलं? पसरायला लागणारं आवरण कुठून येतं ते सांग.

मावशी : थालीपीठ थापताना तू पीठ वाढवतेस का? तोच गोळा पातळ होत जातो.

लेक : पिठाचा गोळा आतपर्यंत पीठच असतो. पेशीचं आवरण म्हणजे स्निग्ध रेणूंचा दोन थरांचा पापुद्रा. तो दोन-चार टक्के ताणला जातो, त्यापुढे फाटतो. हिशेब कर. २० मायक्रॉन व्यासाच्या गोळ्याचा पृष्ठभाग साधारण १२५० चौरस मायक्रॉन. त्याच पेशीची ६० मायक्रॉन व्यासाची चकती झाली तर वरची आणि खालची बाजू मिळून साडेपाच हजारांच्या वर जाते. चौपटीहून जास्त. हे कुठून आणलंस?

मावशी : घड्यांमधून. तू गुळगुळीत गोळ्याचा हिशेब केलास. गोल झालेली पेशी गुळगुळीत असते हे तुला कुणी सांगितलं? स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेव. अंगभर मायक्रोव्हिली, फुगवटे, सुरकुत्या. एरिक्सन आणि ट्रिंकॉस यांनी १९७६ मध्येच हे मांडलं होतं. पेशी पसरत जाते तसे तिच्या अंगावरचे मायक्रोव्हिली आणि फुगवटे नाहीसे होत जातात. राखीव साठा बाहेरच, अंगावरच असतो. आतून काही आणायची गरज काय?

हा मुद्दा मला वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. अशा पेशींचे फोटो मी पाहिले आहेत. त्यात गुळगुळीत जागा शोधावी लागते. पाठ्यपुस्तकात वर्तुळ काढून पेशी दाखवायची सवय आपल्याला महागात पडते ती अशी.

लेक : घड्या आहेत, आणि आधी त्याच वापरल्या जातात. त्या संपल्यावर काय? मायकेल शीट्झ यांच्या गटाने हेच मोजलं. लेसरच्या चिमट्याने आवरणातून बारीक दोरा ओढायचा, आणि तो दोरा किती जोराने मागे खेचतो त्यावरून आवरणातला ताण काढायचा. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की पसरताना आतल्या पिशव्या येऊन पृष्ठभागाला मिळतात आणि आवरणाचं क्षेत्रफळ ४० ते ६० टक्क्यांनी वाढतं. क्षेत्रफळ कमी केलं तर पेशी कमी पसरते. दोन वर्षांनी त्यांनीच क्रमही लावला. आधी घड्या उलगडतात. घड्या संपल्या की ताण थोडा वेळ चढतो. तो चढला की आतून पिशव्यांचा लोंढा बाहेर येतो, आणि त्याच सुमाराला तुझ्या मायोसिनचं आकुंचनही सुरू होतं.

मावशी : म्हणजे ताण चढवला कुणी? ॲक्टिनने ढकललं म्हणूनच ना?

लेक : हो. आणि उतरवला कुणी?

(इथे मावशीने चहा मागितला. तिच्या शब्दकोशात याचा अर्थ 'विचार करते' असा होतो.)

मावशी : बरं, आतून आलं म्हणतेस. पण आत ते होतं कशाला? एवढं आवरण पेशी आत साठवून बसते, पसरायची वेळ येईल म्हणून?

लेक : हा भाग मला सगळ्यात आवडतो. पेशी सुटते तेव्हा पृष्ठभागाचा काही भाग स्वतःच आत ओढून घेते. कोलेस्टेरॉलने जडावलेले, कॅव्हिओलिन असलेले तुकडे. डेल पोझो, श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २००४-०५ मध्ये हे मांडलं. त्या तुकड्यांवर रॅक नावाचा प्रथिन-रेणू येऊन बसतो आणि तुझ्या ॲक्टिनला हुकूम सोडतो. तुकडे आत गेले की रॅकला बसायला जागा नाही, हुकूम बंद. पेशी पुन्हा टेकली की तुकडे एंडोसोम नावाच्या आतल्या पिशव्यांमधून, मायक्रोट्यूब्यूलच्या रस्त्यांवरून पृष्ठभागावर परततात. त्यासाठी एआरएफ-६ हा प्रथिन-रेणू लागतो. २००७ चा हा शोधनिबंध. त्याचे पहिले लेखक नागराज बालसुब्रमण्यन आता पुण्याच्या आयसरमध्ये आहेत.

मावशी : म्हणजे आपल्या पाषाणात.

लेक : हो. त्यांच्या गटाने २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. पेशी सुटली की आतलं गॉल्गी संकुल विस्कटतं, पुन्हा चिकटली की नीट जुळतं. एआरएफ-१ चालू-बंद होण्यावर ते अवलंबून असतं. चिकटण्याची खबर थेट माल पाठवणाऱ्या ठिकाणापर्यंत पोचते.

मावशी : थांब. आता तू माझ्याच बाजूने बोललीस. चिकटणं आधी, वाहतूक नंतर. चिकटल्यामुळे वाहतूक बदलते. उलटं कुठे आहे?

लेक : उलटंही आहे. त्याकडे येते. आधी तुझा माशाचा मुद्दा काढ, तो तू काढणारच आहेस.

मावशीने तो काढलाच. माशाच्या खवल्यावरून घेतलेल्या केरॅटोसाइट पेशी काचेवर वेगाने सरकतात. ऑयटेनॉयर आणि श्लीवा यांनी १९८४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की या पेशींचे तुटलेले तुकडेही सरकत राहतात. त्यात केंद्रक नाही, सेंट्रोसोम नाही, मायक्रोट्यूब्यूल नाहीत. एवढंसं चपटं पेशीद्रव्य, आत ॲक्टिन, आणि ते एका दिशेने चाललेलं असतं. मावशीच्या मते वाद तिथेच संपला.

मावशी : मायक्रोट्यूब्यूल नाहीत, म्हणजे तुझा माल वाहणारा रस्ताच नाही. तरी चालतंय. आणि तुमचे ब्रेचर? केंब्रिजचे मार्क ब्रेचर म्हणायचे की आवरण मागून आत घेतलं जातं, पुढच्या कडेला बाहेर सोडलं जातं, म्हणून पृष्ठभाग पुढून मागे वाहतो आणि पेशी पुढे जाते. त्याआधी १९७० मध्ये ॲबरक्रॉम्बींनी पेशीवर चिकटलेले कण मागे सरकताना पाहिले होते, त्यावरून त्यांनाही असंच वाटलं. सुंदर कल्पना! पण १९९० मध्ये पांढऱ्या पेशींच्या आवरणात रंग भरून त्यावर लेसरने रेघ मारली, तर ती रेघ मागे गेली नाही, पेशीबरोबर पुढे चालत राहिली. त्याच वर्षी शीट्झ यांच्याच गटाने केरॅटोसाइटवर सोन्याचे कण ठेवून बघितले. वाहणं नाही. शोधनिबंधाच्या नावातच लिहिलं होतं की पेशीच्या चालण्याने आवरण वाहत नाही.

लेक : वाहत्या आवरणाची कल्पना तशीच्या तशी टिकली नाही, हे मीही मानते. पण थॉम्पसन आणि ब्रेचर यांनी २००२ मध्ये काय केलं ते सांग ना. डिक्टिओस्टेलियम नावाच्या अमीबासारख्या जिवात त्यांनी एनएसएफ हे प्रथिन असं बदललं की तापमान वाढवलं की ते निकामी व्हावं. एनएसएफ नसलं तर पिशव्या पृष्ठभागाला मिळायचं तंत्र थकतं. तापमान वाढवलं, पेशींचं खाणं थांबलं, दिशा हरवली आणि चालणंही थांबलं.

मावशी : माशाची पेशी चालते, तुझा अमीबा थांबतो. मग?

इथे मी मध्ये पडलो, आणि दोघींनीही ते फारसं मनावर घेतलं नाही. माझं म्हणणं असं होतं की तुम्ही दोघी दोन वेगळ्या कामांबद्दल बोलताय. केरॅटोसाइटचा आकार सरकताना फारसा बदलत नाही. जेवढं आवरण काल होतं तेवढंच आज पुरतं. गोल पेशीने तासाभरात चकती व्हायचं, हे काम निराळं. तिथे क्षेत्रफळाचा हिशेब मिटवल्याशिवाय गत्यंतर नाही. सरकणाऱ्या पेशीचा पुरावा पसरणाऱ्या पेशीला लावणं हा दोन्ही बाजूंचा जुना दोष आहे. या विषयावरचे चांगले चांगले लेखही 'पेशींची हालचाल' या एका मथळ्याखाली दोन्ही कामं कोंबून टाकतात. तेव्हा माशाचा तुकडा मावशीच्या बाजूने मोठी साक्ष देतो खरी, पण वेगळ्या खटल्यात.

मावशी : वकिली पुरे. हिला बोलू दे. चिकटण्यात तुझी वाहतूक कुठे आहे?

लेक : इंटिग्रिन पृष्ठभागावर बसून राहतात असं तू शिकवलंस का वर्गात?

मावशी : शिकवलं. माणसात अल्फाचे १८ आणि बीटाचे ८ प्रकार, त्यांच्या २४ जोड्या. आतून निरोप आला की उभे राहतात, बाहेरच्या प्रथिनाला धरतात. परीक्षेला यायचं.

लेक : बसून राहत नाहीत. ब्रेचर यांनीच १९८९ मध्ये हॅमस्टरच्या पेशींत फायब्रोनेक्टिनला धरणारा इंटिग्रिन आत-बाहेर फिरताना दाखवला. पेशीने तो आत घ्यायचा, पुन्हा बाहेर सोडायचा. सगळे इंटिग्रिन असं करत नाहीत, हेही त्यांनीच पुढे दाखवलं. आणि नुसता आवरणाचा वेग बघ. स्टाइनमन, ब्रॉडी आणि कोन यांनी १९७६ मध्ये मोजलं होतं. संवर्धनातली मॅक्रोफेज पेशी आपल्या सगळ्या पृष्ठभागाइतकं आवरण साधारण ३३ मिनिटांत आत घेते. फायब्रोब्लास्टला दोन तास लागतात.

(हेच राल्फ स्टाइनमन. त्यांना पुढे डेंड्रिटिक पेशींसाठी २०११ चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते आणि समितीला ते ठाऊक नव्हतं. ३३ मिनिटांचा हा आकडा त्यांच्या नोबेलइतका गाजला नाही. माझ्या मते पेशीकडे बघायची नजर बदलायला तो एकटा पुरेसा आहे.)

मावशी : फिरतात, मान्य. फिरल्याने चिकटण्यात फरक पडतो हे दाखव.

लेक : जिम नॉर्मन यांच्या गटाचं २००१ चं काम. उंदराचे फायब्रोब्लास्ट, वाढीचा निरोप देणारं पीडीजीएफ, आणि अल्फा-व्ही बीटा-३ हा इंटिग्रिन. पीडीजीएफ मिळालं की हा इंटिग्रिन आतल्या एंडोसोममधून जवळच्या वाटेने झटकन पृष्ठभागावर येतो. त्या वाटेवर रॅब-४ हा प्रथिन-रेणू लागतो. रॅब-४ चं बिघडवलेलं रूप पेशीत घातलं की ही वाट बंद पडते, आणि पेशी व्हिट्रोनेक्टिन या प्रथिनावर नीट चिकटत नाही, नीट पसरतही नाही. ॲक्टिनला कुणी हात लावलेला नाही.

मावशी : हं. हे चांगलं आहे.

लेक : आणि सोडायचं काय? पुढे जायचं, आकार बदलायचा तर जुनी पकड सुटायला हवी. गुंडरसन यांच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये पेशींना नोकोडॅझोल देऊन मायक्रोट्यूब्यूल विरघळवले. पेशी काचेला जिथे धरते ते पकडीचे ठिपके मोठे झाले. औषध धुऊन काढलं, मायक्रोट्यूब्यूल पुन्हा वाढत पकडीपर्यंत पोचले, आणि ठिपके विरघळायला लागले. डायनॅमिन निकामी केलं, म्हणजे आत जाणाऱ्या पिशवीची मान कापणारं प्रथिनच काढलं, तर ते विरघळत नाहीत. पकड सुटण्यासाठी वाहतूक लागते. तुझ्या टॅलिन-व्हिन्क्युलिनच्या चित्रात सुटण्याची बाजू कुठे होती?

मावशीने यावर काही म्हटलं नाही, पण मुद्दा लागला हे कळलं. चिकटण्याबद्दल बोलताना आपण सगळेच धरण्यावर बोलतो. धरणारा रेणू कोणता, किती घट्ट, आतून कुणाशी जोडलेला. पसरणाऱ्या पेशीची खरी कसरत मात्र धरून पुन्हा सोडण्याची आहे, आणि ते प्रत्येक ठिपक्याला वेगळ्या वेळी. पकड सुटलीच नाही तर पेशी जागच्या जागी खिळते. फार लवकर सुटली तर पुन्हा गोल होते. हे वेळापत्रक एकट्या ॲक्टिनने सांभाळलेलं मला तरी पटत नाही. इथे माझं पारडं लेकीकडे झुकतं, आणि ती माझी लेक आहे म्हणून नव्हे.

मावशी : आता दवाखान्यात चल. तुझ्या या वाहतुकीने कुणाचं काही बिघडतं का?

लेक : बिघडतं. शरीरातली साधी पेशी सुटली की मरते. ॲनॉइकिस म्हणतात त्याला, १९९४ पासून हे नाव आहे. कर्करोगाची पेशी सुटूनही जगते, वाढते. बालसुब्रमण्यन आणि श्वार्ट्झ यांनी २०१० मध्ये दाखवलं की आवरणाचे ते कोलेस्टेरॉलने जडावलेले तुकडे पृष्ठभागावर परत आणायला राल-ए हा प्रथिन-रेणू आणि एक्सोसिस्ट हा प्रथिनांचा संच लागतो. काही कर्कपेशींत राल-ए सतत चालू राहतो. म्हणजे पेशी सुटलेली असली तरी तुकडे वर, आणि वाढीचे हुकूम चालू.

मावशी : आणि औषध?

लेक : इंटिग्रिन अडवणारं सिलेन्जिटाइड. फायब्रोनेक्टिनमधली जी तीन अमिनो आम्लांची जागा इंटिग्रिन धरतो, रुओस्लाह्टींनी १९८४ मध्ये दाखवलेली, तिची नक्कल. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमावर मोठी चाचणी झाली. २०१४ मध्ये निकाल आला, रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. पण त्याच्या आधीच, २००९ मध्ये, उंदरांत एक विचित्र गोष्ट दिसली होती. अशी औषधं अगदी कमी मात्रेत दिली तर गाठ वाढते, नव्या रक्तवाहिन्या वाढतात. कारण औषधाने इंटिग्रिनची आणि रक्तवाहिन्यांना वाढ सांगणाऱ्या रिसेप्टरची आतली वाहतूकच बदलते. जो दरवाजा बंद करायला गेले, त्याच्या मागचा रस्ता मोकळा झाला.

मावशी : हे उंदरांत. माणसांत औषध त्यामुळेच फसलं असं म्हणायचंय का?

लेक : नाही, तसं म्हणत नाही.

मावशी : मग याला तसं लिहू देऊ नकोस. हे लोक मथळ्यासाठी काहीही जोडतात.

(आज्ञा शिरसावंद्य.)

मावशी : एक सांग. पेशी इंटिग्रिन आत घेते. मग तो परत बाहेर पाठवायचा की लायसोसोममध्ये मोडीत काढायचा, हे कोण ठरवतं?

लेक : एक उत्तर २०१२ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दिलं. सॉर्टिंग नेक्सिन-१७. एंडोसोमवर बसलेलं हे प्रथिन बीटा-१ इंटिग्रिनच्या आतल्या शेपटीला धरतं आणि त्याला परतीच्या वाटेला लावतं. ते काढून टाकलं तर इंटिग्रिन लायसोसोममध्ये जाऊन नष्ट होतो.

मावशी : शेपटीला कुठे धरतं?

लेक : आवरणापासून लांबच्या टोकाला.

मावशी : तिथे तर किंडलिन बसतं. माझं किंडलिन! पृष्ठभागावर असताना इंटिग्रिनला जागं करणारं, सांगाड्याशी जोडणारं.

लेक : तीच जागा. बाहेर असताना किंडलिन धरतं, आत आला की नेक्सिन-१७.

मावशी : म्हणजे पृष्ठभागावर असेपर्यंत तो माझा.

लेक : आणि आत आला की माझा.

मावशी : मग दिवसभरात किती वेळ कुणाकडे असतो ते मोजून आण. त्यावर बोलू.